सुंभाचे वळ

यंदा दिवाळीला गावी गेलो तर ओसरीत बाज नव्हती. आजीची बाज. आजी जाऊन सहा वर्षं झाली पण बाज आपल्या जागेवर असायची, भिंतीला उभी टेकवलेली, कुणी आलं की आडवी टाकायची, पाहुणा गेला की परत उभी. आता तिथं दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. तात्यांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना विचारलं तर म्हणले, "गोठ्यात हाय. सुंभ तुटला, राहिलेला उंदरानं कुरतडला. आता कोण बसायलंय त्याच्यावर?" थंडीत चुलीला लावू असं घरात ठरलंच होतं म्हणे.

मी म्हणलं तात्या, विणू आपण ती. येतं ना तुम्हाला अजून?

तात्या हसले फक्त. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर हौदापाशी बादलीत सुंभ भिजत घातलेला, केकताडाचा, कुठून आणला कुणास ठाऊक.

आता या बाजेसाठी मी एवढा का अडून बसलो ते सांगतो, जरा लांबून सांगावं लागेल. नोव्हेंबर २०२१ मध्ये पाँपेईच्या उत्खननातला एक फोटो आला होता. पाँपेई म्हणजे इटलीतलं ते गाव, इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला अन गावच्या गाव राखेखाली गेलं. त्या गावाच्या वेशीबाहेर, तटापासून साधारण ७०० मीटरवर सिव्हिता जुलियाना नावाच्या जागी एका श्रीमंताचा मळ्यातला वाडा सापडलाय, त्या वाड्यातली एक खोली. १६ चौरस मीटर, म्हणजे आपल्या हिशोबानं १७० फुटांची. त्यात तीन बाजा. पलंग नाही, बाजाच. चार दांड्यांची चौकट, चार पाय अन मधी दोरी विणलेली. गादी नाही, नुसतं पांघरूण टाकलेलं. मी तो फोटो मोबाईलवर मोठा करून बघितला तर दोरीचा पीळ दिसत होता हो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या दोरीचा पीळ! मी घरात सगळ्यांना दाखवत फिरलो, बायको म्हणली ही तर आपल्या आजीची बाज आहे.

ती खोली गुलामांची असावी असं तिथल्या लोकांनी सांगितलंय. भिंतीला रंग नाही, वर एकच बारकी खिडकी, कोपऱ्यात आठ मोठे रांजण रचलेले, एक लाकडी पेटी, त्यात लोखंडाच्या अन कापडाच्या वस्तू, बहुतेक घोड्याच्या साजाच्या, अन एका बाजेवर चक्क रथाचा दांडा ठेवलेला. म्हणजे झोपायची खोली अन अडगळीची खोली एकच. आपल्याकडं सालगड्याची झोपायची जागा अशीच असायची ना, कडब्याच्या अन पोत्यांच्या मधी, औताचं सामान उशाशी. हे मी लहानपणी आमच्याच मळ्यात बघितलेलं आहे, त्यामुळं तो रथाचा दांडा बघून मला काही नवल वाटलं नाही, नुसतं पोटात कालवलं.

अन हे सगळं राहिलं कसं हे तर फार विलक्षण आहे. लाकूड राहिलं नाही, दोरी राहिली नाही, दोन्ही कुजून गेलं. पण त्याच्याभोवती बारीक राख गच्च बसली होती, ती आवळून कडक झाली, आतलं सामान कुजल्यावर तिथं त्याच आकाराची पोकळी राहिली. उत्खनन करताना अशी पोकळी लागली की थांबायचं, आत पातळ प्लॅस्टर ओतायचं, ते घट्ट झालं की भोवतीची राख काढायची. १८६३ मध्ये फिओरेली नावाच्या माणसानं पाँपेईत ही रीत बसवली, तेव्हा माणसांच्या शरीरांसाठी, तीच आता बाजेला वापरली. म्हणजे फोटोत आपण बघतो ती दोरी नाहीच, दोरीनं राखेत जे दाबून ठेवलं ते आहे. आपल्यात म्हणतात ना सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. ताठ माणसाला उद्देशून म्हणतात ते, मी पण तसंच म्हणत आलो. पण इथं ते अक्षरशः खरं झालंय, सुंभ गेला अन पीळ राहिला.

तर अंगणात बाज आणली, धुतली. खूर म्हणजे पाय बाभळीचे, गाती म्हणजे कडेच्या आडव्या दांड्या लिंबाच्या. खुराला चौकोनी भोक पाडून गातीचं टोक त्यात ठोकून बसवलेलं, अख्ख्या बाजेत एक खिळा नाही. तात्यांनी जुना सुंभ कापून काढला, तो पार कुसकरला होता, अन नवा घेतला. विणायला दोघं लागतात, एक ओवणारा अन एक ताण धरणारा, मी ताण धरायला. कोरडा सुंभ हात कापतो, भिजवला की जरा मऊ पडतो, तरी अर्ध्या तासात माझ्या तळहाताला फोड. चार चार पदर एकदम घ्यायचे, एक वरून एक खालून, कोपऱ्यातनं तिरपं सुरू करायचं अन पायथ्याकडं वीतभर जागा मोकळी सोडायची. त्या जागेत वेगळी दोरी ओवतात, पुढं बाजेला झोळ पडला की तेवढीच ओढून बांधायची, सगळी बाज उसवायची गरज नाही. तात्या ७४ वर्षांचे आहेत, विणताना एकदाही मोजत नव्हते, बोटंच मोजत होती.

मी त्यांना सांगत होतो की बघा रोमन लोकांत पलंगाला लेक्टस म्हणायचे अन तो फक्त झोपायला नव्हता. त्याच्यावर पडून वाचायचे, लिहायचे, पाहुणे आले की त्याच्यावरच आडवं होऊन जेवायचे. तात्यांचा हात थांबला. "आडवं होऊन? घास कसा जातो?"

खरंच तसं जेवायचे, म्हणजे पैसेवाले. जेवणाच्या खोलीत तीन पलंग, तीन बाजूंना, चौथी बाजू वाढणाऱ्यांसाठी मोकळी. एकेका पलंगावर तिघं, म्हणजे पंगत नऊ जणांची. डावं कोपर उशीवर टेकायचं अन उजव्या हातानं मधल्या टेबलावरचं घेऊन खायचं. अन कोण कुठं पडणार हे ठरलेलं, मधल्या पलंगावरची एक ठराविक जागा मानाच्या पाहुण्याची, यजमान त्याच्या शेजारच्या पलंगाच्या वरच्या टोकाला म्हणजे दोघांची डोकी जवळ येतात, बोलायला सोपं. पलंगाच्या उशाकडं पितळेसारख्या कांस्याची वळणदार टेकणं, त्याच्यावर खेचराची नाहीतर बदकाची मुंडी ओतलेली, कशावर चांदीचं काम. पाय खरादावर काढलेले, एकावर एक मणी ओवल्यासारखे, गरिबाला हस्तिदंत परवडत नव्हता तर हाडाच्या पट्ट्या चिकटवायचे.

पण माझं मन अडकतं ते दुसरीकडं. जुन्या काळात त्यांच्यात पुरुष आडवे होऊन जेवायचे अन बाया बसून. पुढं बायापण आडव्या व्हायला लागल्या. पोरं पलंगाच्या टोकाशी बसून जेवायची, सम्राट क्लॉडियस तर जुनी रीत म्हणून आपल्या अन मोठ्या घरच्या पोरांना तसंच बसवायचा. अन गुलाम उभे. पाँपेईत एका घराला नीतिवाल्याचं घर म्हणतात, कारण त्याच्या जेवणाच्या जागेत भिंतींवर पाहुण्यांसाठी सूचना रंगवलेल्या आहेत, दुसऱ्याच्या बायकोकडं बघू नका, भांडण काढू नका नाहीतर घरी जा, अन पहिली सूचना ही की पोऱ्यानं पाहुण्याचे पाय धुवून पुसावेत. तो पोऱ्या रात्री कुठं झोपत असेल? सिव्हिता जुलियानासारख्या खोलीत नाहीतर मालकाच्या दाराशी जमिनीवर.

आमच्या घरात आजोबा होते तोवर आजी त्या बाजेवर बसलेली मी कधी बघितली नाही. बाज तिची असं आता आम्ही म्हणतो, पण तेव्हा ती आजोबांची. आजी उंबऱ्यापाशी बसायची, पाठ चौकटीला लावून, तांदूळ निवडत नाहीतर लसूण सोलत. सासरे दीर समोर असताना सुनेनं बाजेवर बसायचं नाही, नुसतं टेकायचं पण नाही. पाहुणा आला की त्याला बाज, त्याच्यावर गोधडी, नाहीतर ठेवणीतली सतरंजी. पाहुणा कोण आहे त्यावर उशाशी बसवायचं का पायथ्याशी हे पण ठरायचं, अन मळ्यातला गडी आला तर तो बाजेकडं बघायचा पण नाही, सरळ जोत्याच्या खाली उकिडवा. हे मी कौतुकानं सांगत नाही. बाजेनं किती माणसांना खाली बसवलं हे पण तिच्या दोरीत विणलेलंच आहे अन ते मला झाकायचं नाही.

बाईला हक्कानं बाज मिळायची ती एकदाच, बाळंतपणात. खाली शेगडी ठेवायची, विणीच्या फटींतून शेक लागायचा, बाळंतशेपा अन वावडिंगाची धुरी, सव्वा महिना बाज तिची. माझी आई याच बाजेवर निजली होती मी झालो तेव्हा. गादीच्या पलंगावर असा शेक लागत नाही हे आजी शेवटपर्यंत म्हणायची.

रोमन लोकांत पण पलंग असाच जन्मभर सोबत. लग्नाच्या घरात दर्शनी चौकात एक शोभेचा नवरा-नवरीचा पलंग मांडायचे, अन माणूस गेला की त्याच चौकात त्याला पलंगावर ठेवायचे, पाय दाराकडं करून. इथं मात्र आपलं उलटं, शेवटची घटका आली की माणसाला बाजेवरून खाली घेतात, भुईवर. आजीला मी अन तात्यांनीच उचलून खाली घेतलं होतं.

पाँपेईच्या जवळच हर्क्युलेनियम नावाचं दुसरं गाव आहे, तिथं वेगळंच झालं. तिथं तापलेला राखेचा अन वायूचा लोट आला, लाकडाचा जागेवर कोळसा झाला, अन वरून साधारण २० मीटर थर चढला. आठ-नऊ परसांची विहीर पाडली तर तळाला गाव लागावं एवढं खोल. त्या कोळशानंच लाकूड वाचवलं. पलंग, स्टुलं, कपाटं, देव्हारे, गोल टेबलं, एका घरात तर बैठक वेगळी करायची लाकडी घडीची पार्टिशनची दारं अजून उभी आहेत, त्याला दिवे अडकवायचे आकडे आहेत. रोमन काळातलं खरं लाकडी सामान बघायचं तर जगात अशी दुसरी जागा नाही. अन तिथंच एक पाळणा सापडला. आपल्यासारखा टांगायचा नाही, खाली वाकडे पाय असलेला, भुईवर हलणारा. त्यात बाळाची हाडं होती. तो काळा पडलेला पाळणा मी फोटोतच बघितलाय, पण त्याच्या कडेची एक एक पट्टी नीट आहे, कुणीतरी कडा घासून गुळगुळीत केल्यात, बाळाला टोचू नये म्हणून.

मोठ्या लोकांच्या हौसेबद्दल पण सांगायला पाहिजे, पण मला त्यात फार रस नाही म्हणून थोडक्यात. त्यांना टेबलाचं वेड होतं. आफ्रिकेतल्या अ‍ॅटलास डोंगरातल्या एका झाडाच्या बुंध्याच्या गाठीपासून फळी काढायचे, तिच्यात वाघाच्या अन मोराच्या पिसाच्या रंगाच्या लहरी असायच्या, अन असल्या एका टेबलाला सिसेरो नावाच्या नामांकित वक्त्यानं पाच लाख सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी मोजली, असं थोरला प्लिनी नावाचा रोमन लेखक लिहितो. तोच सांगतो की नवरे बायकांना मोत्यांवरून बोलायला लागले की बायका त्यांना या टेबलांच्या वेडाची आठवण करून द्यायच्या. सेनेका हा तत्त्वज्ञ, साधेपणावर इतकं लिहिणारा माणूस, त्याच्याकडं एकसारखी पाचशे टेबलं होती हस्तिदंती पायांची, असा आरोप त्याच्यावर इतिहासकार कॅसियस डियोनं नोंदवलाय. त्याच रोममध्ये मार्शल कवीनं भाडं थकवून खोली सोडणाऱ्या माणसाचं सामान सांगितलंय, तीन पायांचा पलंग अन दोन पायांचं टेबल. मला हा मार्शलचा माणूस जास्त ओळखीचा वाटतो.

हस्तिदंती पायांवरून आता आपल्याकडं येतो. आमचं गाव धाराशिव जिल्ह्यातल्या तेरपासून मोटारसायकलवर अर्ध्या तासावर. तेरला सगळे जातात ते गोरोबाकाकांच्या दर्शनाला, आम्ही पण तसंच. पण हे तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक भाषेतल्या दर्यावर्दी माणसाच्या नोंदींत लिहिलंय की भडोचहून, म्हणजे गुजरातेतल्या बंदरावरून, दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण अन तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, तिथून गाड्या भरभरून कापड भडोचला येतं अन जहाजानं पुढं जातं. तेरच्या संग्रहालयात लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तू आहेत, मातीच्या बाहुल्या, दिवे, खापरं, अन त्यातल्या कितीतरी गोष्टींवर रोमची छाप आहे.

तर १९३८ मध्ये पाँपेईच्या एका घरात हस्तिदंती बाईची मूर्ती सापडली, वीतभर उंचीची, अंगभर दागिने, दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी. बघितली की कुणीही मराठवाड्यातला माणूस म्हणेल ही आपल्या लेण्यांतली बाई आहे. तिच्या डोक्यातून खाली भोक पाडलेलं आहे. काही जण म्हणतात ती आरशाची मूठ, काही जण म्हणतात छोट्या टेबलाचा नाहीतर तिवईचा पाय, भोकात वरचा दांडा बसवायचा. अन तिच्या सगळ्यात जवळच्या बहिणी सापडल्या कुठं, तर जालना जिल्ह्यात भोकरदनला अन आपल्या तेरला. आता विचार करा, पाँपेईतल्या एका घरात जेवणाचं ताट ज्याच्यावर टेकत असेल तो पाय आपल्या बाजूच्या कारागिराच्या हातचा नाहीतर त्याच घराण्यातल्या हातचा असेल. हे शाळेत मला कुणी सांगितलं नाही. तेर हाकेच्या अंतरावर असून चाळिशी आली तेव्हा कळलं, अन याचं मला खरंच फार वाईट वाटतं.

हे सगळं मी तात्यांना सांगत होतो, त्यांनी ऐकलं अन विचारलं, "मग तो पाय करणारा कशावर झोपत असल?" मी म्हणलं बाजेवरच असेल की तात्या. ते म्हणले, "हां."

बाज झाली दुपारी चारला. अंगणात टाकली तर डुगडुगायली, एक खूर उंदरानं अन वाळवीनं मिळून बोटभर खाल्लेला. तात्यांनी वळचणीखालचा कौलाचा तुकडा उचलला, दगडावर आपटून जरा कमी केला अन खुराखाली सरकवला. मी बघतच राहिलो, कारण ओव्हिड नावाच्या रोमन कवीनं हुबेहूब हेच लिहिलंय. दोन देव वेष पालटून गावात फिरतात, सगळी घरं दार लावून घेतात, फक्त एक म्हातारा-म्हातारी त्यांना आत घेतात. म्हातारी टेबल मांडते तर तिसरा पाय आखूड, मग ती खाली खापराचा तुकडा घालते, टेबल सपाट करते अन त्याच्यावर पुदिना घासून पुसून घेते. पलंग वाळुंजाच्या लाकडाचा, वर नदीतल्या गवताची गादी. त्या गोष्टीत पुढं देव प्रसन्न होतात वगैरे, पण मला ते खापर सगळ्यात खरं वाटतं. लिहिणाऱ्यानं कुणाच्या तरी घरात ते बघितल्याशिवाय सुचायचं नाही.

मग मी टेप आणून बाज मोजली. आतून पाच फूट सात इंच, म्हणजे साधारण १.७० मीटर. सिव्हिता जुलियानातल्या दोन बाजा बरोबर तेवढ्याच आहेत. तिसरी १.४० मीटर आहे. साडेचार फुटांच्या वर बोटभर.

रात्री माझी पोरगी म्हणली मी बाजेवरच झोपणार, अंगणात. ती दहा वर्षांची आहे. गोधडी घाल म्हणलं तर नको, मला दोरीवर झोपायचंय. नवा सुंभ टोचतो, थंडी आहे, सगळं सांगून झालं, ऐकली नाही, चादर घेऊन आडवी झाली. मी शेजारी खाली सतरंजी टाकली. तिच्या टाचा अन पायथ्याच्या दोरीच्या मधी फूटभर बाज मोकळी राहत होती. त्या तिसऱ्या बाजेवर ती बरोबर मावली असती.

सकाळी उठली ती डोळे चोळतच आली अन बाही वर करून दंड दाखवायली. कोपरापासून खांद्यापर्यंत सुंभाचे वळ उठले होते, लाल, तिरपे, चार चारच्या जोडीनं. तात्यांनी तिचा हात उन्हात धरला अन बोटानं एकेका वळातला पीळ मोजून दाखवला तिला.